ऊर्जेचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी वर्षानिमित्त गणेशोत्सवात सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. काही ठिकाणी थोडी दुरुस्ती केली आहे.)



सचिव साहेबांनी मला विषय दिला, "ऊर्जा सुरक्षा आणि पर्यायी ऊर्जा". मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस, इंजिनिअर नाही. आपल्या तीन विंगमध्ये वीज केंद्रातून निवृत्त झालेले निदान दहा जण आहेत, त्यांना बोलवा. ते म्हणाले, "ते मशीन सांगतील, तुम्ही हिशेब सांगा." म्हणून आज हिशेब सांगायला उभा आहे. सोसायटीचा नऊ वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे हिशेब सांगितल्यावर लोक चिडतात याची सवय आहे.

ताळेबंदाला दोन बाजू असतात, एक देण्याची आणि एक येण्याची. फक्त एक बाजू वाचणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं आम्हाला बँकेत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. कोळशाबद्दल बोलताना बहुतेक लोक एकच बाजू वाचतात. म्हणून मी सुरुवात कोळशाच्या जमेपासून करतो.

आपलं चंद्रपूर गोंड राजांचं. परकोट, महाकालीचं मंदिर, रामाळा तलाव ही आपली जुनी ओळख. पण आज इथे बसलेल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना या गावात आणलं ते कोळशाने. कोणी वेकोलित होतं, कोणी दुर्गापूरच्या वीज केंद्रात, कोणी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, आणि आम्ही बँकवाले या सगळ्यांचे पगार वाटायला. वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, २१० मेगावॅटचा. पुढे संच वाढत गेले. सुरुवातीचे दोन जुने संच आता बंद झाले, तरी आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे अशी साडेसातशे किलोमीटरची उच्च दाबाची लाईन सुरू झाली. पडघे म्हणजे भिवंडीजवळ, मुंबईच्या दारात. म्हणजे मुंबईच्या लोकलमधला पंखा फिरतो त्यात आपल्या दुर्गापूरच्या कोळशाचाही वाटा आहे, हे मुंबईकरांना कोणी सांगत नाही. आपणच सांगायला पाहिजे.

मागच्या महिन्यात मी या भाषणाची तयारी करत होतो, तेव्हा बी विंगमधले आपले एक ज्येष्ठ सभासद, वीज केंद्रात पस्तीस वर्षं शिफ्ट केलेले, मला म्हणाले, "साहेब, तुम्ही कोळशाला नावं ठेवणार असाल तर मी येणार नाही. त्या कोळशावर माझी दोन पोरं शिकली, बहिणीचं लग्न झालं. रात्री दोन वाजता बॉयलरजवळ उभं राहून मी या राज्याला उजेड दिला." मी त्यांना म्हटलं, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. ते बसले आहेत. त्यांच्यासाठी आधी टाळ्या वाजवा, मग मी पुढे बोलतो.

(टाळ्या)

आता दुसरी बाजू.

एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. आपल्या एका फ्लॅटचं महिन्याचं बिल दीडशे युनिटचं धरा. म्हणजे शंभर किलोहून थोडा जास्त कोळसा, पन्नास किलोची दोन पोती. आपले अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत. कल्पना करा, दर महिन्याच्या एक तारखेला गेटवर शहाण्णव पोती कोळसा उतरवला जातो आहे आणि वॉचमन विचारतो आहे, कुठे ठेवू? आणि आपल्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त, तीस-चाळीस टक्के. शहाण्णव पोती जाळली की तीस-पस्तीस पोती राख उरते. ती कुठे जाते हे आपण कधी विचारत नाही, कारण ती आपल्या गेटवर येत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी गावाजवळ जाते. वीज केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला चाळीस-पन्नास हजार टन कोळसा लागतो. मालगाडीच्या हिशेबात रोजच्या दहा-बारा गाड्या.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांची प्रदूषणाची यादी काढली. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथा नंबर आपल्या चंद्रपूरचा, शंभरपैकी ८३.८८. शाळेत एवढे मार्क मिळाले असते तर पेढे वाटले असते. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या भगिनींना हे मार्क आधीपासूनच माहीत होते, कारण वर टाकलेलं पांढरं कापड संध्याकाळी कसं दिसतं ते त्या पाहत होत्या.

पाण्याचं बघा. वीज केंद्राला पाणी एरई धरणाचं, आणि शहरालाही तेच. २०१० च्या उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला आणि संच बंद करायची वेळ आली. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती, पण वाफ करायला पाणी नव्हतं. म्हणजे कोळशाची वीज ही पाण्याचीही वीज आहे. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो, तेव्हा विजेची मागणी सर्वात जास्त आणि धरणात पाणी सर्वात कमी.

आणखी एक उदाहरण. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. कोळसा केव्हाच काढून झाला, विकून झाला, जळून झाला, त्याच्या विजेचं बिलही कोणीतरी भरून टाकलं. पोकळी तेवढी शिल्लक राहिली. बँकेच्या भाषेत याला जुनं थकीत देणं म्हणतात. खातं बंद झालं असं वाटतं आणि एक दिवस नोटीस येते.

आता "ऊर्जा सुरक्षा" या मोठ्या शब्दाकडे येतो. माझ्या आईने हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण तिला अर्थ माहीत होता. तिच्याकडे पावसाळ्याच्या आधी गोवऱ्या आणि लाकडं रचून ठेवलेली असायची आणि रॉकेलचा एक डबा झाकून बाजूला असायचा. घरात जळण आहे, परवडणाऱ्या भावात आहे आणि उद्याही मिळेल याची खात्री आहे, एवढीच ऊर्जा सुरक्षा. देशाचं घरही असंच चालतं.

आमच्या पिढीला १९७३ आठवतं. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. युद्ध कुठे, आणि आम्ही इथे डबा घेऊन रांगेत! आजही आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा परत तेच. म्हणजे आपल्या मोटारसायकलची किल्ली आपल्या खिशात, पण टाकीचं झाकण दुसऱ्याच्या हातात.

तुम्ही म्हणाल, तेल बाहेरचं, कोळसा तर आपला आहे ना? आहे. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये देशभरातल्या केंद्रांत कोळशाचा साठा खूप खाली आला, आणि दुसऱ्या वेळी तर कोळशाच्या गाड्या आधी जाव्यात म्हणून प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. आणि २००५ च्या पुढची ती लोडशेडिंगची वर्षं तुम्ही विसरलात का? विजेच्या गावात राहून आपण मेणबत्त्या लावत होतो. पोरं दहावीचा अभ्यास गच्चीवर कंदिलात करायची, आणि गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसायचे.

मी आयुष्यभर लोकांना एक सल्ला दिला, ठेव मोडून घरखर्च चालवू नका. कोळसा आणि तेल ही कोट्यवधी वर्षांची पृथ्वीची मुदत ठेव आहे आणि आपण ती मोडून रोजचा भाजीपाला आणतो आहोत. सूर्य, वारा, वाहतं पाणी हे व्याज आहे. रोज जमा होतं. कमी-जास्त होतं, पण मुद्दल शाबूत राहतं. शहाणा माणूस हळूहळू व्याजावर जगायला शिकतो. मी "हळूहळू" म्हणतो आहे, हे लक्षात ठेवा.

कारण इथे एक घोटाळा होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने जाहीर केलं की २०३० पर्यंत ५०० गिगावॅट क्षमता बिगर-जीवाश्म इंधनाची करू आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. २०२५ मध्ये देशातल्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली. ही बातमी खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण ही क्षमता झाली, वीज नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कोळशाचाच आहे. कारण सोपं आहे. सौर पॅनेल सकाळी सातला ड्युटीवर येतं आणि संध्याकाळी सहाला घरी जातं. आपले बी विंगवाले काका तीन पाळ्यांत काम करायचे. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. तेवढ्याच क्षमतेचं औष्णिक यंत्र चोवीस तास चाललं तर चोवीस युनिट देईल.

म्हणून खरा प्रश्न साठवणुकीचा आहे. बॅटऱ्या आहेत, महाग होत्या, स्वस्त होताहेत. दुसरा उपाय आपल्या राज्यात २००८ पासून चालू आहे, घाटघरला, भंडारदऱ्याच्या जवळ. तिथे दोन जलाशय आहेत, एक वर, एक खाली. वीज शिल्लक असते तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज करायची. अगदी आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं. असे प्रकल्प वाढतील तसा कोळशाचा भार उतरेल. तोपर्यंत संध्याकाळी सातला आपण स्विच दाबू तेव्हा दुर्गापूरच उभं राहणार आहे.

कोणी म्हणेल, पॅनेल तरी कुठे आपली? जगातल्या सौर पॅनेलच्या उत्पादनसाखळीत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या चीनचा आहे. हे खरं आहे, आणि काळजीचंही आहे. पण फरक समजून घ्या. तेल येणं थांबलं तर साठा संपला की पंप कोरडा. पॅनेल येणं थांबलं तर नवीन बसणार नाही, पण गच्चीवर बसलेलं पंचवीस वर्षं चालत राहील. एक उधारीचा किराणा आहे, दुसरी एकदा घेतलेली गाय आहे.

आता थोडं गडचिरोलीकडे जाऊ. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा आपल्यापासून वेगळा झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझी तिकडे एका शाखेत बदली झाली. त्या काळात तिकडे एकाच गोष्टीची चर्चा होती. इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर सिरोंचाजवळ इचमपल्ली, अशी दोन मोठी धरणं होणार होती. वीज होणार होती, तीही पाण्याची. धूर नाही, राख नाही. आजच्या भाषेत शंभर टक्के हरित ऊर्जा! पण त्या पाण्याखाली माडिया-गोंडांची गावं आणि सागवानाचं घनदाट जंगल जाणार होतं. बाबा आमटे आणि आदिवासींनी "जंगल बचाव, मानव बचाव" असं आंदोलन उभं केलं. धरणं मागे पडली. म्हणून मी म्हणतो, इंधन बदललं की आपोआप न्याय होतो असं नाही. कोणाच्या जमिनीवर, कोणाला विचारून, हा प्रश्न सूर्यालाही विचारावा लागतो आणि पाण्यालाही.

विचारायचं कसं, हेही गडचिरोलीनेच शिकवलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट बसतो. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयावर काय होतं ते मी इथे सांगत नाही, पाहुणे बसले आहेत.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ही कागदावर कुठेही नाही.

त्या शाखेत असताना गोबरगॅसचं सरकारी उद्दिष्ट आलं. अनुदान होतं, वरून बँकेचं कर्ज. मी तरुण होतो, उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं. एका गावात एका दिवसात अकरा कर्जं मंजूर केली. फोटो काढला, अहवाल पाठवला, वरून शाबासकीचं पत्र आलं. दीड वर्षाने वसुलीला गेलो, तर अकरापैकी दोन चालू. बाकीच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी आणि बेडकं. एका म्हाताऱ्याला मी जरा रागावूनच विचारलं, का बंद पडलं? तो म्हणाला, "साहेब, ढोरं दिवसभर जंगलात चरतेत. शेन जंगलातच पडते जी. घरी कुठून आनू?"

मी गप्प झालो. एवढी साधी गोष्ट कर्ज देण्याआधी मी विचारलीच नव्हती. जी दोन चालू होती, त्या दोन्ही घरी गुरं दारात बांधलेली होती आणि विहीर जवळ होती. बाकी नऊ जणांच्या डोक्यावर मी कर्ज ठेवून आलो होतो आणि त्यांची चूल लाकडावरच चालू होती.

ही चूल काय करते ते आपल्याला शहरात दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात ताडोबाभोवतीच्या गावांत, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे, पहाटे सरपणाला, मोहफुलाला, तेंदूपानाला जंगलात गेलेली बाई संध्याकाळी परत येत नाही, अशी बातमी दरवर्षी कितीदा वाचतो आपण. "वाघाच्या हल्ल्यात महिला ठार." मोहफूल आणि तेंदू ही पोटाची कमाई आहे, त्यासाठी जंगलात जावंच लागतं. पण सरपणासाठीची खेप तरी वाचू शकते. म्हणून २०१५ मध्ये राज्याने व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांसाठी जन-वन विकास योजना आणली, त्यात अनुदानावर गॅस दिला. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला आली. जोडण्या झाल्या. पण दुसरं सिलिंडर भरायला नऊशे-हजार रुपये एकरकमी कोणाकडे आहेत? मग सिलिंडर कोपऱ्यात आणि बाई पुन्हा जंगलात. माझ्या गोबरगॅसचीच गोष्ट, नाव वेगळं.

आपण शहरात ऊर्जा सुरक्षा म्हणतो तेव्हा एसी चालू राहील का एवढाच विचार करतो. त्या बाईसाठी ऊर्जा सुरक्षा म्हणजे संध्याकाळी जिवंत घरी येणं.

आणि भामरागडचं बघा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुका जगापासून तुटतो. जंगलातून गेलेल्या विजेच्या तारांवर एक झाड पडलं की दुरुस्तीला माणूस पोहोचेपर्यंत अंधार. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे वीज नव्हती, तरी डॉक्टर दाम्पत्याने दवाखाना चालवला. अशा ठिकाणी आरोग्य केंद्राच्या छपरावर चार पॅनेल आणि एक चांगली बॅटरी असेल, तर लसीचा फ्रीज चालू राहतो आणि रात्रीच्या बाळंतपणाला उजेड मिळतो. तिथे सौर ऊर्जा ही हौस नाही. पण बॅटरी बदलायला पाच वर्षांनी कोण येणार, पैसे कोण देणार, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं पाहिजे.

आता घरी येऊ. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

२०१९ च्या वार्षिक सभेत कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी गच्चीवर दहा किलोवॅटचा सौर प्रकल्प बसवायचा ठराव आणला होता. खर्च सहा लाख. विरोध कोणी केला? मी. खजिनदार म्हणून उभा राहिलो आणि म्हणालो, सोसायटीची मुदत ठेव मोडून हे खेळणं आणायचं नाही. कंपाउंडचे सौर दिवे दोन पावसाळ्यांत बंद पडले ते विसरलात का? लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ठराव नामंजूर झाला.

खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे ते नऊ खड्डे होते. एकदा हात पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण तेव्हा मी जे करायला हवं होतं ते केलं नाही, वही उघडून हिशेब केला नाही. मागच्या आठवड्यात केला. २०१९-२० ते २०२४-२५ या सहा वर्षांत आपण पंप, लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांचं सामायिक वीज बिल नऊ लाखांहून थोडं जास्त भरलं. सौर प्रकल्प असता तरी स्थिर आकार वगैरे धरून लाखभर भरावेच लागले असते. उरले आठ लाख. प्रकल्पाचे सहा लाख वसूल होऊन दोन लाख वर राहिले असते. माझ्या एका भाषणाची किंमत घरटी चार हजार रुपये पडली. आजचं भाषण फुकट आहे.

आणि ते सौर दिवे का बंद पडले? मी परवा इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढवलं. पॅनेल ठणठणीत होती. बॅटऱ्या संपल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं कोणी धूळ पुसली नव्हती. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. आपल्या मे महिन्यात ती तापली की वीज थोडी कमीच देतात, त्यात चंद्रपूरची धूळ. दर आठवड्याला पाण्याने पुसलं तर पुरे. म्हणजे यंत्र नापास झालं नव्हतं, आपण नापास झालो होतो. त्या गावातही गोबरगॅस नापास झाला नव्हता, मी झालो होतो.

म्हणून आज माझी सूचना अशी. हा विषय पुन्हा सभेपुढे आणा, यावेळी सूचक म्हणून माझं नाव लिहा. आज दहा किलोवॅटला साडेपाच लाखांच्या आसपास दर आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. आपल्या खिशातून तीन लाख सत्तर हजार. सामायिक बिल आज महिन्याला पंधरा हजारांच्या घरात आहे. महिन्याला बारा-तेरा हजार जरी वाचले तरी अडीच वर्षांत पैसे वसूल. महिन्याला बाराशे युनिट, म्हणजे कोळशाची सोळा-सतरा पोती कमी.

पण अटी आहेत, बँकवाला आहे मी. पहिली, देखभालीचा पाच वर्षांचा लेखी करार झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. दुसरी, वाचलेल्या पैशातून दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, इन्व्हर्टर बदलायची वेळ येईल तेव्हा वर्गणी मागत फिरायचं नाही. तिसरी, सांगाडा आठ फूट उंच करायचा, खाली भगिनींच्या पापडांना आणि आमच्या संध्याकाळच्या गप्पांना जागा राहिली पाहिजे. चौथी, मीटरचं रीडिंग दर रविवारी बालमित्रांनी घ्यायचं आणि नोटीस बोर्डावर लिहायचं. आणि सभेआधी आठ-दहा जणांचा अभ्यास गट बसवायचा, मेंढासारखा. त्याचे प्रमुख बी विंगचे काका. विजेतलं आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

शेवटचा मुद्दा, आणि तो काकांसाठीच. आपल्या गच्चीवर पॅनेल बसवून दुर्गापूर बंद पडणार नाही. पण वीस-तीस वर्षांनी खाणी आणि संच कमी होत जाणार, हे दिसतं आहे. तेव्हा दुर्गापूरची, घुग्घुसची, माजरीची, सास्तीची पोरं काय करतील? ट्रकवाला, चहाची टपरीवाला, कंत्राटी कामगार? पेन्शनवाल्यांचं भागेल, त्यांचं काय? २०१५ पासून कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यांनी रॉयल्टीवर जुन्या पट्ट्यांसाठी तीस टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांसाठी दहा टक्के रक्कम त्यात भरायची असते, खाणबाधित लोकांसाठी. आपल्या जिल्ह्यात हा पैसा मोठा आहे. सभागृहं आणि सिमेंट रस्ते होतात, व्हावेत. पण त्यातला एक वाटा पोरांना सौर दुरुस्ती, बॅटरी, पंप, वायरिंग शिकवण्यात जावा, आणि राख पडलेल्या, पोकळ झालेल्या जमिनी सावरण्यात जावा, हे मागणं आपण नागरिक म्हणून केलं पाहिजे. कोळसा असेपर्यंत कोळशानंतरची सोय करायची असते. निवृत्तीची तरतूद नोकरी चालू असतानाच करतात, निवृत्त झाल्यावर नाही.

काका, तुम्ही पस्तीस वर्षं राज्याला उजेड दिला. आता आमच्या गच्चीवर या, इन्व्हर्टर कुठे बसवायचा तेवढं सांगा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण ही जागा घेतली तेव्हा इथे बाभळी होत्या आणि विजेचा खांब चौकात होता. आता सुवर्ण महोत्सव व्हायचा आहे. मी नसेन, पण समोर सतरंजीवर बसलेले असतील. त्यांनी तेव्हा जुनी वही उघडली तर माझं नाव त्यात दोनदा सापडेल, एकदा विरोधक म्हणून आणि एकदा सूचक म्हणून. दुसरं नाव लागतं की नाही, ते येत्या सभेत तुमच्या हातात आहे.

 बाहेर प्रसाद आहे, घेतल्याशिवाय जाऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!